जुन्या छापचित्रांतील मेंढपाळ आणि गुरे कशी वाचावीत

तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले, ओढ्याकाठी गुरे आणि काठीवर रेललेला मेंढपाळ असलेले जुने युरोपीय चित्र हाती आले की प्रथम त्याची खालची कड भिंगाखाली वाचावी. ‘पिंक्सिट’ या लॅटिन शब्दाआधी मूळ चित्रकाराचे, ‘स्कल्पसिट’आधी कोरणाऱ्याचे आणि ‘एक्सकुडिट’आधी प्रकाशकाचे नाव असते. पहिली दोन नावे वेगळी असतील, तर छापताना मूळ चित्राचे डावे-उजवे उलटले असण्याची दाट शक्यता असते. म्हणून डावखुऱ्या मेंढपाळात गूढ अर्थ शोधत बसू नये.

मग जनावरे ओळखावीत. गोव्यात मेंढरे फारशी दिसत नसल्याने आपल्याकडे शेळी-मेंढीचा घोळ हमखास होतो. शेपूट वर असेल तर शेळी, खाली लोंबत असेल तर मेंढी, एवढे पुरे.

खरी अडचण पुढे आहे, आणि मीही तिथेच सर्वांत जास्त काळ अडखळलो: चित्रातला मेंढपाळ हा नुसता मेंढपाळ आहे की ख्रिस्ती धर्मप्रतीक, हे ठरवणे. ‘मेंढी म्हणजे निष्पापपणा, कुत्रा म्हणजे निष्ठा, पडका खांब म्हणजे अनित्यता’ अशी तयार कोष्टके देणारे सल्ले सरळ बाजूला ठेवावेत. गोमंतकीय माणसाची फसगत तर अधिकच सहज होते, कारण सतराव्या शतकात गोव्यात घडवलेल्या हस्तिदंती मूर्तींतला, गालाला हात लावून डोळे मिटलेला आणि खांद्यावर कोकरू घेतलेला बाल येशू त्याच्या डोळ्यांत आधीच बसलेला असतो आणि मग प्रत्येक कोकरात त्याला तोच दिसू लागतो.

प्रतीक सहसा एकटे येत नाही. देवदूत, रात्रीच्या आकाशात फुटलेला उजेड, प्रभावळ, किंवा चित्रातल्या साऱ्यांच्या नजरा एकाच ठिकाणी वळलेल्या, यांपैकी काहीतरी सोबत असतेच. याउलट गुराखी पावा वाजवतो आहे, गाय पाणी पिते आहे, कुत्रा अंग खाजवतो आहे आणि कोणाचे कोणाकडे लक्ष नाही, असे असेल तर धर्मग्रंथ मिटून ठेवावा. फ्रेंच चित्रकार क्लोद लोरेन याच्या 1636 च्या गुराख्याच्या चित्रात गुरे पाण्यातून जातात. तिथे पाहायचा तो उजेड. डच चित्रकार पॉलस पॉटरने विशीच्या आत, 1643 मध्ये केलेल्या गुराख्याच्या चित्रात पाहायची ती जनावरांची अंगकाठी.

काठीचे टोक मात्र नीट न्याहाळावे. फ्रेंच चित्रांत तिथे पुष्कळदा लहानशी लोखंडी पळी असते. चुकार मेंढीच्या दिशेने मातीचे ढेकूळ भिरकावून तिला वळवण्यासाठी ती असे. बिशपच्या आकडेदार दंडाशी तिची गल्लत केली की सगळा अर्थ बिघडतो.

मेंढपाळणीच्या अंगात रेशमी झगा आणि पावलांना धुळीचा कण नाही, असे चित्र बहुधा फ्रेंच चित्रकार फ्रान्स्वा बूशे (1703–1770) याच्या वळणाचे असते. ती शहरी श्रीमंतांची हौस होय. तिच्यावरून खेड्यातल्या जगण्याविषयी काहीही ठरवू नये.

गोव्याची म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चित्रांनाही हीच सावधगिरी लागू आहे. डच प्रवासी लिन्स्खोटेन 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिला खरा, पण 1596 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतातील चित्रे कोरली गेली ती हॉलंडमध्ये.

शेवटी ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमचा ऑनलाइन संग्रह चाळून मूळ चित्र सापडते का ते पाहावे, आणि शोधताना आपल्या चित्राचा फोटो डावे-उजवे उलटवून शेजारी ठेवावा.