नराराची प्रवाळभेट: आधी ओहोटी पाहा, मग तिकीट काढा

गुजरातमधील कच्छच्या आखातातले सागरी राष्ट्रीय उद्यान 1982 साली घोषित झाले. जामनगरहून वाडीनारजवळच्या नरारा येथे गेल्यास, बोटीशिवाय, ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरून चालत जिवंत प्रवाळ पाहता येते, आणि म्हणूनच या सहलीचा दिवस सुट्टीने नव्हे तर समुद्राने ठरवावा. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, पाणी सर्वाधिक मागे हटते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या वेळी, फारसे काही उघडे पडत नाही. ओहोटीची वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकत असल्याने, ती दिवसाउजेडी येईल असाच दिवस भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून निवडावा आणि पाणी उतरत असतानाच चालायला सुरुवात करावी. हिवाळा उत्तम. प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवावे आणि स्थानिक वाटाड्या अवश्य घ्यावा, कारण डबक्यात दडलेला ऑक्टोपस नवख्या नजरेला सहसा दिसत नाही. जाड तळव्याचे, घट्ट बसणारे बूट घालावेत. पाऊल मात्र वाळूवर किंवा मृत खडकावरच टाकावे. प्रवाळ अत्यंत सावकाश वाढते, आणि छायाचित्रासाठी कोणताही जीव पाण्याबाहेर काढू नये, वाटाड्याने स्वतःहून काढायची तयारी दाखवली तरीही.