छत गळतंय? फरशी फोडण्याआधी पाणी कोणतं ते ओळखा

तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत खालच्या घरातून ‘तुमचं बाथरूम गळतंय’ असा निरोप आला, की प्लंबर हातोडा-छिन्नी घेऊनच येतो. त्याला जरा थांबवा. गळकं पाणी नळाच्या लाइनचं, सांडपाण्याचं की पावसाचं, हे कळल्याशिवाय फोडलेली फरशी बहुतेक वेळा फुकट जाते.

त्याआधी वीज. पाणी पंख्याच्या हुकातून, दिव्याच्या होल्डरमधून किंवा स्विचबोर्डाशेजारी झिरपत असेल तर त्या घराचा मेन स्विच पाडा. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावू नका. मग गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करा. बऱ्याच जुन्या इमारतींत स्वयंपाकघर, बाथरूम आणि संडास यांच्या लाइनी टाकीपासूनच वेगळ्या असतात. पितळी गेट व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, आतला दांडा तुटतो. पाव आटा पुढे, पाव आटा मागे असं करत सोडवा. तरीही हलला नाही तर टाकीच्या आतून त्या लाइनचं तोंड कापड गुंडाळलेल्या लाकडी गुट्टीने बंद करा. उघड्या पाइपातून धार उडत असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर दोन क्लिपा आवळा. एम-सील (दोन भाग मळून लावायची लांबी) वाहत्या पाण्यावर धरत नाही, पाइप कोरडा आणि घासलेला हवा.

आता तपासणी. गळती रात्रंदिवस एकसारखी असेल तर नळाच्या लाइनवर संशय घ्या. रात्री एकेका लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सकाळी फरक पाहा. पालिकेचं पाणी यायच्या वेळेतच थेंब वाढत असतील तर टाकीत न जाता सरळ घरात येणारी थेट लाइन. आंघोळीनंतर अर्ध्या-एक तासाने वाढत असतील तर सांडपाणी. फक्त पावसाळ्यात गळत असेल तर गच्ची, बाहेरची भिंत किंवा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप. त्या पाइपाच्या जोडात पिंपळाचं रोप उगवलेलं दिसलं तर निम्मं उत्तर मिळालंच.

सांडपाण्याची खात्री अशी करा. बाथरूम दोन दिवस कोरडं ठेवा. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतल्या जाळीखालच्या, सांडपाणी जाण्याच्या भांड्याच्या) तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं कापड घट्ट बसवा, फरशीवर इंचभर पाणी भरा, पातळीला पेन्सिलने खूण करा आणि चोवीस तास थांबा. खाली ओल वाढली तर फरशीचे सांधे दोषी. वाढली नाही तर पाणी काढून, फरशी पुसून, दोन बादल्या थेट ट्रॅपमध्ये ओता. आता गळलं तर ट्रॅपच्या पुढचा जोड गेलाय. सांधे दोषी असतील तर आधी जुना सिमेंटचा भर खरवडून इपॉक्सी ग्राउट (पाणी न शोषणारा रासायनिक भर) भरा आणि दोन दिवस पाणी सोडू नका. हा उपाय स्वस्त आहे. ट्रॅपचा जोड गेला असेल तर मात्र फोडण्याला पर्याय नाही.

एक फसगत नेहमी होते. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमध्ये विटांच्या तुकड्यांचा भराव (कोबा) असतो आणि तो पाणी धरून ठेवतो. दुरुस्ती नीट झाली तरी खाली कित्येक दिवस, कधी महिनाभरही थेंब पडत राहतात. हळूहळू कमी होत असतील तर वाट पाहा, पुन्हा फोडू नका.

नळाची लाइन जीआयची (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाची) असेल तर एकच जोड बदलायच्या फंदात पडू नये. आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो आणि पाइप तिथेच सर्वांत पातळ होतो, म्हणून गंज तिथे आधी खातो. नवा एल्बो (कोपऱ्याचा जोड) आवळताना पान्ह्याचा पीळ पुढच्या सडक्या जोडावर जातो आणि गळती दोन फूट सरकते. जुनी लाइन भिंतीतच एंड प्लग मारून बंद करणं आणि नवी सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची) लाइन उघडी, भिंतीवरून नेणं बरं. दिसायला बरी नाही, पण पुढची गळती डोळ्यांना दिसते. अर्धा इंची पाइपाला दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा. गीझरच्या लाइनला यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) चालत नाही. जीआयला जोडताना पितळी आट्यांचाच अडॅप्टर घ्या. प्लास्टिकचे आटे जास्त आवळले की सॉकेट उभं चिरतं. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा. सॉल्व्हंटचे जोड रात्रभर सुकू द्या, मग प्रेशर टेस्ट आणि त्यानंतरच क्लॅम्प पक्के.

खर्चाचा वाद सोसायटीत होतोच. सर्वसाधारणपणे घरातल्या नळ-संडासाची गळती सदनिकाधारकांची, तर गच्ची, मुख्य पाइप आणि बाहेरची सांडपाण्याची लाइन सोसायटीची.

छताचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसत असेल तर प्लंबर पुरेसा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. नुसता गिलावा मारून सळई झाकली तर गंज आत वाढतो आणि पोपडे पुन्हा पडतात.

रंगाची घाई नको. फुगलेला गिलावा पार विटेपर्यंत काढा आणि लोणा (भिंतीवर आलेला पांढरा खार) कोरड्या ब्रशने झाडा, धुतलात तर खार पुन्हा आत मुरतो. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा. दोन दिवसांनी भिंतीकडच्या बाजूला दव जमलं नसेल तरच पुट्टीचा डबा उघडा.