सुई हातात, फोन कपाटात

मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून विकते. सगळा हाताचा धावदोरा, त्यामुळे बैठक मोडली की टाक्यांची ओळ वाकडी जाते. आणि बैठक मोडायची फोनमुळे. "किंमत?" असा मेसेज आला की सुई खाली, मग उत्तर, मग रील्स.

इन्स्टाग्राम बंद करणं परवडणारं नव्हतं, नवी गिऱ्हाइकं तिथूनच येतात. अ‍ॅप फक्त फोनवरून काढलं. आता आठवड्याचे फोटो रविवारी लॅपटॉपवर मेटा बिझनेस सूटमधून (इन्स्टाग्रामच्या पोस्ट आधीच लावून ठेवायचं मेटा कंपनीचं साधन) वेळ लावून टाकते.

खरा फरक व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसने पडला. कॅटलॉगमध्ये प्रत्येक गोधडीचं माप, किंमत आणि धुवायची पद्धत लिहिली. नेहमीची उत्तरं क्विक रिप्लायमध्ये घातली, म्हणजे ती दरवेळी टाइप करावी लागत नाहीत. दिवसा कुणी लिहिलं की अवे मेसेज आपोआप जातो: "शिवणकाम चालू आहे, संध्याकाळी ६ नंतर उत्तर देते." यावर कुणी रागावत नाही, उलट हाताचं काम आहे हे त्यांना कळतं. जुन्या गिऱ्हाइकांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट केली, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर तेवढी विनंती असतेच.

लाइक्स घटल्या, त्याचं मला वाईट वाटत नाही. आईच्या साड्या घेऊन येणारी बाई बहुतेक वेळा शेजारणीची गोधडी हाताळून आलेली असते.

दिवाळीआधी चौकशा वाढतात, तेव्हा इन्स्टाग्रामचं अ‍ॅप परत घेते. भाऊबीज झाली की काढून टाकते.