आधी राखणदाराशी बोला

आपल्याच मनातल्या वेगवेगळ्या भागांशी वही घेऊन बोलायचा हा सराव आहे. सुरुवातीला प्रसंग लहान आणि ताजा घ्या. लहानपणीच्या सगळ्यात खोल जखमेला पहिल्याच दिवशी हात घालायचा नाही. मी माझा प्रसंग सांगते. कुणी आवाज चढवला की काम माझं नसलं तरी ‘हो, करते ना’ माझ्या तोंडून निघून जातं. मग रात्री घर झोपलं की मी ओट्याशी उभी राहून फरसाण खात असते. एक मन म्हणतं, ‘नाही म्हणायचं होतंस.’ दुसरं म्हणतं, ‘वाद नको गं बाई.’ ही दोन मनं वहीत वेगवेगळ्या रंगाच्या पेनांनी लिहून काढा. दोघांचं पूर्ण ऐका, निवाडा करू नका.

मी शिकले ती पद्धत इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, म्हणजे आयएफएस. ती मांडणारे रिचर्ड श्वार्ट्झ मुळात कौटुंबिक थेरपिस्ट. १९८० च्या दशकात अमेरिकेत बुलिमियाच्या, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर काढण्याच्या आजाराच्या, रुग्णांसोबत काम करताना, ‘माझ्यातला एक भाग असं म्हणतो’ हे त्यांच्या कानावर वारंवार पडू लागलं. घरातली माणसं जशी भांडतात, एकमेकांना पाठीशी घालतात, तसेच हे भागही वागतात, हे त्यांनी ओळखलं. भागांचे प्रकार साधारण तीन. ‘हो, करते ना’ म्हणणारा मॅनेजर, संकट येऊच नये म्हणून झटणारा. रात्री डबा उघडणारा फायरफायटर. आत भडका उडाला की मिळेल त्याने विझवणारा. आणि या दोन राखणदारांच्या मागे दडवलेला एक्झाइल, म्हणजे जुनी जखम बाळगणारा भाग. माझ्या बाबतीत ती साताठ वर्षांची मुलगी आहे. वडिलांच्या स्कूटरचा आवाज आला की ती पुस्तक मिटून भिंतीला टेकायची.

आता वहीतला एकच भाग निवडा. शक्यतो मॅनेजर. तो शरीरात कुठे जाणवतो ते शोधा. माझा गळ्याशी असतो, आवंढ्यासारखा. तिथे लक्ष ठेवून स्वतःला विचारा: ‘मला याच्याबद्दल आत्ता काय वाटतंय?’ सगळी पद्धत या प्रश्नावर उभी आहे. उत्तर ‘राग येतो, भित्रा आहे मेला’ असं आलं, तर बोलतोय तो दुसराच भाग. त्याला म्हणा, ‘तुझा राग कळला, जरा बाजूला बसशील?’ तो बसला नाही तर आज त्याच्याशीच बोला. जबरदस्ती नको. थोडंसं कुतूहल किंवा माया वाटू लागली की पुढे जा. त्या शांत जागेला आयएफएसमध्ये सेल्फ म्हणतात.

मग मॅनेजरला विचारा: तू हे काम कधीपासून करतोस? थांबलास तर काय होईल अशी भीती वाटते? माझं वय किती आहे असं तुला वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला मला ‘आठ’ असं उत्तर आलं. मग मी त्याला आजचं घर दाखवलं, माझं पगाराचं खातं दाखवलं, आता कुणाची स्कूटर येणार नाही हे सांगितलं. उत्तर आलं नाही तरी आभार माना आणि वही मिटा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत.

एक्झाइलपर्यंत एकट्याने जाऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. मॅनेजरची परवानगी नसताना तिकडे गेलं, तर फायरफायटर दुप्पट जोराने धावून येतो: खाणं, दारू, स्वतःला इजा. त्या लहान मुलीचं ओझं उतरवणं, म्हणजे अनबर्डनिंग, प्रशिक्षित थेरपिस्टसोबतच करावं. भास होत असतील, मधला वेळच आठवत नसेल, तर घरच्या घरी हा सराव नकोच. आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ताच जवळच्या माणसाला सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास.

आयएफएसवरचं संशोधन अजून थोडं आहे. ट्रॉमासाठी, म्हणजे मनावरच्या खोल आघातासाठी, ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने त्रासदायक आठवणींवर काम करणारी थेरपी) आणि ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) यांच्यामागे कितीतरी जास्त पुरावा आहे, म्हणून तुमचे थेरपिस्ट ते सुचवत असतील तर जरूर करा. थेरपिस्ट निवडताना प्रशिक्षण कुठे घेतलं ते विचारा. आणि हेही विचारा: ‘सेशनमध्ये मी एकदम गोठले, बोलताच येईना, तर तुम्ही काय कराल?’