स्कॅनवरून उपचाराचा प्रतिसाद ओळखायचा असेल, तर मॉडेलआधी ही तयारी

कर्करोगाच्या गाठीचा सीटी, एमआरआय किंवा पेट स्कॅन बघून उपचार लागू पडेल का, हे सांगणारं संगणकी मॉडेल करायचं आहे. एथिक्स कमिटीची मंजुरी, संमतीपत्रं, सर्व्हरवर जागा हे सगळं असेलच. पुढे चला.

सगळ्यात आधी एक साधा तक्ता करा. प्रत्येक रुग्णाची एक ओळ आणि तिच्यात दोन तारखा: बेसलाइन, म्हणजे उपचाराआधीचा, स्कॅन कधी झाला आणि उपचाराचा पहिला डोस कधी दिला. हा तक्ता भरून होईपर्यंत एकही इमेज उघडू नका. पुढचं सगळं या दोन तारखांवर उभं आहे, आणि नेमकं हेच 'नंतर बघू' म्हणून राहतं.

उपचार सुरू होण्याआधीची गाठ बघून पुढे काय होईल ते मॉडेलने सांगायचं असतं. फोल्डरवर 'बेसलाइन' लिहिलेला स्कॅन पहिल्या डोसनंतरचा निघाला, तर गाठ आधीच बदलायला लागलेली असते आणि मॉडेल घडून गेलेलंच वाचून दाखवतं. निकाल मात्र इतके चांगले दिसतात की कुणी खोदून विचारत नाही. जिस्टच्या (पोट-आतड्यातल्या एका प्रकारच्या गाठीच्या) रुग्णाला इमॅटिनिब हे औषध दिल्यावर एफडीजीचं (पेट स्कॅनसाठी टोचतात त्या किरणोत्सारी साखरेचं) शोषण काही दिवसांत, कधी २४ तासांतच कोसळतं. गाठ मात्र तेवढीच दिसते, त्यामुळे सीटी बघून शंकाही येत नाही. लिम्फोमात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) केमोआधी दिलेल्या स्टेरॉइडनेही शोषण उतरतं, म्हणून 'पहिला डोस' धरताना स्टेरॉइडचाही धरा.

पहिल्या डोसची तारीख रेडिओलॉजीच्या रिपोर्टवरून उचलू नका. तिथलं 'प्री-ट्रीटमेंट' बऱ्याचदा मागणीच्या फॉर्मवरून उतरलेलं असतं. प्रत्यक्ष औषध दिल्याची नोंद काढा. स्कॅनची तारीख डायकॉम या इमेज-फाइलीतल्या ॲक्विझिशन डेटवरून (स्कॅन प्रत्यक्ष घेतल्याच्या तारखेवरून) घ्या, कारण इमेज पुन्हा प्रोसेस केल्या की सिरीजची तारीख बदललेली असू शकते. स्कॅन फार जुनाही नको: गाठीचा प्रतिसाद मोजायच्या रेसिस्ट १.१ या निकषांप्रमाणे बेसलाइन उपचाराच्या शक्य तितकी जवळ हवी, ४ आठवड्यांहून जुनी कधीच नको. मधल्या काळात बायोप्सी झाली किंवा एखादी लसिकाग्रंथी काढली, तर त्यासाठी तिसरा रकाना करा.

आणि हे सगळं फाइलींमधली रुग्णाची ओळख पुसण्याच्या आधी. पुन्हा सांगतो, आधी. ॲनॉनिमायझेशनची साधनं तारखा पुसतात किंवा पुढे-मागे सरकवतात. एकाच रुग्णाचे दोन स्कॅन वेगवेगळ्या खेपेत गेले आणि प्रत्येकाला वेगळा फरक लागला, तर दोन्हींमधलं अंतर कायमचं गेलं. स्कॅन ते पहिला डोस हे अंतर दिवसांत मोजून तक्त्यात लिहा, मगच फाइली पुढे द्या.

आता पेट स्कॅन. गाठीने एफडीजी किती शोषलं ते सांगणारा एसयूव्ही हा आकडा वजन, टोचलेली मात्रा आणि टोचल्याची वेळ यांवरून निघतो. एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं आहे, म्हणजे वेळेत १० मिनिटांची चूक झाली की आकडा सुमारे ६ टक्क्यांनी हलतो. डोस कॅलिब्रेटरचं (मात्रा मोजणाऱ्या यंत्राचं) आणि स्कॅनरचं घड्याळ जुळतं का ते पाहा, सिरिंजमध्ये उरलेली मात्रा वजा झाली आहे का तेही पाहा. वजन त्याच दिवशीचं हवं. उपचारात माणूस बारीक होतो आणि जुनंच वजन पुढे चालू राहतं. टोचल्यानंतर ५० ते ७० मिनिटांत स्कॅन सुरू व्हावा आणि दोन स्कॅनच्या या वेळेत १५ मिनिटांहून जास्त फरक नसावा, असं पर्सिस्टमध्ये (पेटवरून प्रतिसाद मोजायच्या निकषांत) २००९ पासून आहे. रक्तातली साखर २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत हवी. यकृताच्या उजव्या भागात ३ सेंटिमीटरचा गोल ठेवून सरासरी एसयूएल (चरबी वगळलेल्या वजनावर काढलेला एसयूव्ही) मोजा. दोन स्कॅनमध्ये ती २० टक्क्यांहून जास्त हलली, तर गाठीतल्या बदलावर विसंबू नका. अस्थिमज्जा एकसारखी उजळलेली दिसली, तर जी-सीएसएफ (पांढऱ्या पेशी वाढवणारं औषध) कधी दिलं होतं ते विचारा. इथेही तारीखच.

सीटीसाठी स्लाइसची जाडी, रिकन्स्ट्रक्शन कर्नल (इमेज किती धारदार किंवा मऊ बनवायची ते ठरवणारं फिल्टर) आणि कॉन्ट्रास्टचा फेज (कॉन्ट्रास्ट टोचल्यावर किती वेळाने स्कॅन घेतला), हे तिन्ही प्रत्येक स्कॅनचे लिहून ठेवा. धमनी फेज आणि पोर्टल फेज एकत्र कालवले, तर टेक्श्चरमध्ये (इमेजमधल्या गाठीच्या पोतात) कॉन्ट्रास्टची वेळ उमटते आणि ती गाठीची गोष्ट वाटते. बारीक स्लाइसची सिरीज आजच मागा. पुष्कळ ठिकाणी काही काळाने ती पुसतात आणि हाती ५ मिलिमीटरची उरते. एमआरआयच्या टी-१, टी-२ इमेजमधल्या तीव्रतेला एकक नसतं, तेव्हा नॉर्मलायझेशन आधीच ठरवा. एडीसी (ऊतीत पाणी किती सहज पसरतं त्याचं माप) वापरणार असाल तर बी-व्हॅल्यू (त्या स्कॅनच्या सेटिंग) सगळीकडे सारख्या हव्यात.

गाठीची सीमा आखणाऱ्याला निकाल माहीत नसावा. मृत भाग आत धरायचा की बाहेर, गाठीत खुणेसाठी ठेवलेल्या क्लिपचं काय करायचं, हे कागदावर आधी ठरवा. काही गाठी दोघांकडून स्वतंत्रपणे आखून घ्या आणि आखणाऱ्यागणिक बदलणारे फीचर (गाठीच्या इमेजवरून काढलेले आकडे) काढून टाका. फीचरची व्याख्या आयबीएसआय या मानकाप्रमाणे ठेवा आणि व्हॉक्सेलचा (इमेजच्या त्रिमितीय ठिपक्याचा) आकार व बिनची (तीव्रतेच्या गटाची) रुंदी नोंदवा. शिवाय फक्त गाठीचं आकारमान वापरून एक साधं मॉडेल बनवा. शेकडो टेक्श्चर फीचर वापरूनही त्याच्या पुढे जाता येत नसेल, तर तुम्ही आकारमानच मोजत आहात.

प्रतिसाद म्हणजे काय, तेही आधी ठरवा. स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण पॅथॉलॉजिकल प्रतिसाद (काढलेल्या ऊतीत कर्करोग न उरणं) म्हणताना दूधनलिकेतच राहिलेला अवशेष चालतो की नाही? रेसिस्टवर जाणार असाल तर व्यासांची बेरीज ३० टक्के घटली की आंशिक प्रतिसाद, आणि सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के व किमान ५ मिलिमीटर वाढली की आजार वाढला. इम्युनोथेरपीत गाठ आधी फुगून मग आटू शकते, म्हणून आयरेसिस्टप्रमाणे (इम्युनोथेरपीसाठीच्या रेसिस्टप्रमाणे) ४ ते ८ आठवड्यांनी खात्री करा. प्रतिसादाच्या स्कॅनचीही तारीख त्याच तक्त्यात घाला. केमोनंतर १० दिवसांच्या आत केलेला पेट स्कॅन वेगळा काढा. रेडिएशननंतरची सूज आठवडेच्या आठवडे उजळत राहते, तिथे आणखी थांबावं लागतं.

मग डेटाची ट्रेनिंग आणि तपासणी अशी विभागणी. ती रुग्णांची करा, स्लाइसची नको. नॉर्मलायझेशन, कॉम्बॅट (केंद्रांच्या स्कॅनरमुळे आलेला फरक काढणारी पद्धत), फीचरची निवड, सगळं फक्त ट्रेनिंगच्या भागावर. एका केंद्रात बहुतेक प्रतिसाद देणारे आणि दुसऱ्यात न देणारे असतील, तर कॉम्बॅट खरा फरकही पुसून टाकू शकतो. रुग्ण कमी असतील तर फीचर मूठभरच ठेवा.

कॅलिब्रेशन (मॉडेलने सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाशी जुळते का) बघा, नुसता एयूसी (प्रतिसाद देणारे आणि न देणारे किती नीट वेगळे झाले त्याचं माप) पुरत नाही. अहवाल लिहायला २०२४ची ट्रायपॉड प्लस एआय ही मार्गदर्शक सूची वापरा. बाहेरच्या केंद्राचा डेटा घेताना दोन्ही तारखांचा तक्ता त्यांच्याकडूनही मागा, 'सगळे उपचाराआधीचेच आहेत' या तोंडी उत्तरावर थांबू नका. अंतर उणे निघालेले, म्हणजे स्कॅन डोसनंतर झालेले, रुग्ण वगळा आणि किती वगळले ते लिहा. त्या डेटावर मॉडेल एकदाच चालवा. निकाल बघून मॉडेल बदललंत, तर तपासणीसाठी आणखी एक केंद्र शोधावं लागेल.