बागेत जाताना वही-पेन्सिल सोबत ठेवा
बागेत फेऱ्या मारून झाल्या की लगेच घरी वळू नका. बाकावर टेका, गळून पडलेलं एक पान उचला (झाडावरचं तोडू नका) आणि त्याचं चित्र काढा. नजर मात्र कागदावर नाही, पानावरच ठेवायची. मुंगीच्या चालीने डोळे कडेवरून सरकू द्या, पेन्सिल त्यांच्या मागोमाग. देठाजवळचं वळण, किड्याने कुरतडलेली कड, शिरांची जाळी, सगळं दिसायला लागतं. चित्र वेडंवाकडं येणारच, येऊ द्या. माझं मन तरी यातून फार लवकर निवतं.

इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांच्या २०१९च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये तब्येत आणि मन ठीक असल्याचं सांगणारे जास्त होते. ही मिनिटं तुकड्यातुकड्यांनी भरली तरी चालतात.