जुनी कॅम्परव्हॅन दलालाविना विकताना

साध्या मोटारीची किंमत ठरवणे फारसे अवघड नसते. तेच मॉडेल, तेच वर्ष आणि जवळपास तेवढेच किलोमीटर झालेल्या चार गाड्या पाहिल्या की भाव कळतो. कॅम्परव्हॅनला असा ठरलेला भाव नाही, कारण तिच्या रूपाने दोन वस्तू एकदमच विकल्या जातात: एक गाडी आणि दुसरे तिच्यात बसवलेले घर. विकणारा घरावर झालेला सगळा खर्च वसूल करू पाहतो, घेणारा त्या घराची किंमत शून्य धरून बोलणी सुरू करतो, आणि दलाल तर ओटा व बिछाना उचकटून टाकायला किती मजुरी पडेल हेच आधी ऐकवतो. गाडीचा आणि घराचा हिशेब वेगवेगळा मांडून तो घेणाऱ्यासमोर उघडपणे ठेवला, तरच रास्त किंमत मिळते, असे अशा दोन गाड्या कोल्हापुरातून विकल्यानंतर माझे मत झाले आहे.

सुरुवात गाडीपासून करावी. मूळ गाडी फोर्स ट्रॅव्हलर असो वा मारुती ईको, आतले काम केलेले नसते तर कोल्हापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात तिला आज काय मागितले जाते, हे आठ-दहा जाहिरातींतून पाहावे आणि त्यातून थोडी वजावट करावी, कारण जाहिरातीतला आकडा मागण्याचा असतो, मिळण्याचा नसतो. मग घराकडे वळावे. समजा, मूळ गाडी 9 लाखांची ठरली आणि आतल्या कामावर तीन वर्षांपूर्वी 5 लाख खर्च झाले होते. त्यातले 2 लाख सोलर पॅनेल, लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर आणि फ्रिज यांचे असतील आणि त्यांची बिले हाती असतील, तर निम्मी रक्कम मागता येते. सुतारकामाच्या 2 लाखांचे फार तर पाव पैसे धरावेत. पडदे, रंग आणि आपली हौस यांवर गेलेला 1 लाख सोडून द्यावा. घराचे दीड लाख, म्हणजे एकूण साडेदहा लाख. हे आकडे केवळ रीत दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या गाडीचे प्रमाण तिच्या स्थितीवर ठरेल. बॅटरी लेड-ॲसिडची असेल आणि चार वर्षे वापरलेली असेल, तर तिची किंमत जवळजवळ धरूच नये.

जाहिरात देण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. गाडी मोकळ्या जागी उभी करून छतावर नळीने अर्धा तास पाणी सोडावे आणि आत बसून राहावे. छतावरचा पंखा, सोलर पॅनेलच्या पट्ट्या, बाहेरून बसवलेले सावलीचे कापडी छत, जिथे जिथे पत्र्याला भोक पाडले आहे तिथे तिथे सीलंट दोन-तीन पावसाळ्यांत तडकते, आणि गगनबावड्याच्या पावसात भिजलेली गाडी हे लपवू शकत नाही. माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी हे केले नव्हते. इचलकरंजीहून वडिलांना घेऊन आलेला एक तरुण इंजिनाकडे ढुंकूनही न पाहता सरळ मागच्या कपाटाशी गेला. वडिलांनी खालचा खण बाहेर काढला, नाक आत घालून वास घेतला आणि मागच्या प्लायवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. पुढे कोणीच आवाज चढवला नाही, पण त्या अंगठ्याने माझे 40 हजार रुपये नेले. ती फळी आणि सीलंट आधीच बदलले असते, तर खर्च त्याच्या दशांशही आला नसता.

याउलट डेंटिंग-पेंटिंगवर पैसे घालवू नयेत. ताज्या रंगाने घेणाऱ्याचा संशय वाढतो. तळाची नीट धुलाई करून घ्यावी, मात्र मालवण-गणपतीपुळ्याच्या फेऱ्यांमुळे खाऱ्या हवेचा गंज चासीला लागला असेल, तर तो काळ्या रंगाखाली न दडवता तसाच दाखवावा.

कोल्हापूरच्या गाडीला आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर बाहेरगावचा घेणारा एमएच-09 पाटी पाहिली की विचारतो, "पुरात होती का हो ही?" जाणकार माणूस विचारतही नाही, तो सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहतो आणि सीटच्या पट्ट्यांखालचे स्क्रू गंजलेत का हे बोटाने चाचपतो. गाडी पाण्यात नव्हती, तर त्या काळातल्या सर्व्हिसच्या पावत्या दाखवाव्यात. होती, तर ते पहिल्याच फोनवर सांगावे आणि कोणकोणते भाग बदलले याची बिले द्यावीत. नंतर कळलेली गोष्ट नेहमीच जास्त महाग पडते.

कागदपत्रांत सगळ्यांत नाजूक मुद्दा बदलाच्या नोंदीचा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, तेरा आसने लिहिलेली आणि गाडीत प्रत्यक्षात चारच, अशी स्थिती असेल, तर घेणाऱ्याला पुढे विम्याच्या दाव्यात आणि तपासणीत अडचण येऊ शकते. बदलाची मंजुरी व नोंद झालेली असेल, तर तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावावा, कारण किंमत टिकवण्यात त्याचा वाटा सोलर पॅनेलपेक्षा मोठा आहे. गाडीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवावा. विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलाने यांचाही निपटारा करून ठेवावा. चासी नंबरही आधीच शोधून ठेवावा, कारण हस्तांतराच्या अर्जासाठी त्याचा पेन्सिलचा ठसा मागतात आणि काही गाड्यांत तो नेमका सुताराने ठोकलेल्या फळीखाली गेलेला असतो.

विक्रीची वेळ कॅलेंडर पाहून ठरवावी. पावसाळ्यात अशा गाडीला फारसे कोणी विचारत नाही. पितृपक्षात आपल्याकडे कोणी वाहन घरी नेत नाही, पण बघायला आणि बोलायला लोक येतात. त्यामुळे गणपती उठल्यावर जाहिरात द्यावी, पंधरवड्यात बोलणी पुरी करावीत आणि घटस्थापनेला इसार घ्यावा, म्हणजे दसऱ्याचा मुहूर्त साधतो. मार्चच्या आसपास, पाडव्याच्या तोंडावर आणि मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी, दुसरी संधी असते. फोटो सकाळच्या उन्हात, सगळे सामान बाहेर काढून घ्यावेत. जाहिरातीत किंमत लिहावी. "किंमत बसून बोलू" असे लिहिले की रिकामे फोन फार येतात. ठरवलेल्या आकड्यावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त चढवून मागू नये.

चालवून पाहण्यासाठी पन्हाळ्याची वाट उत्तम. वाघबिळाच्या पुढचा चढ इंजिनाचे आणि क्लचचे खरे रूप दाखवतो, आणि उतारावर ब्रेक व आतल्या कपाटांची खडखड दोन्ही कळतात. घेणाऱ्याचा परवाना आधी पाहावा आणि स्वतः शेजारी बसावे. त्याने आपला मेस्त्री आणला तर आनंदच मानावा. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या गॅरेजमध्ये त्याच्या खर्चाने तपासणी करायची तयारी आपणहून दाखवली, की निम्मी घासाघीस तिथेच थांबते. उरलेली "शेवटचं बोला की, दादा" अशी फोनवर येते, आणि तिला फोनवर उत्तर देऊ नये. गाडी न पाहिलेल्या माणसाला कमी करून सांगितलेला आकडा, तो समोर आला की बोलणीची सुरुवात ठरतो.

इसार घेतल्यास साध्या कागदावर रक्कम, उरलेले पैसे देण्याची तारीख आणि व्यवहार मोडल्यास इसाराचे काय, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात. गाडीसोबत काय जाईल आणि काय राहील याची यादीही तिथेच करावी. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीत असेल तर तो काढून ठेवावा, कारण ती जोडणी तुमच्या नावावर आहे. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई असल्याने मोठी रक्कम बँकेतूनच घ्यावी, आणि मोबाईलवरचा स्क्रीनशॉट पाहून नव्हे, तर आपल्या खात्यात जमा दिसल्यावरच किल्ली द्यावी. पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगणारा माणूस गाडी घेणारा नसतो. पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही.

हस्तांतरासाठी फॉर्म 29 आणि 30 भरावे लागतात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे असते. घेणारा बेळगावचा किंवा गोव्याचा असेल, तर फॉर्म 28 वर ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि त्याला तिकडे पुन्हा कर भरावा लागतो. तो भार बोलणीत निघणार, हे धरून चालावे. "नावावर मी करून घेतो, तुम्ही फक्त सह्या द्या," या आश्वासनावर मात्र विसंबू नये. अपघात झाल्यास आरसीवर ज्याचे नाव, तोच मालक म्हणून भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे. म्हणून शक्य तो दोघांनी मिळून ताराबाई पार्कातल्या आरटीओ कार्यालयात जाऊन अर्ज दाखल करावा, आणि ताबा देताना तारीख, वेळ व किलोमीटरचा आकडा लिहिलेली ताबापावती करून तिची सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. विमा कंपनीला विक्री कळवताना नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, राखून ठेवल्याचे पत्र मागावे. तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो आणि पुढच्या गाडीच्या हप्त्यात उपयोगी पडतो. फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाही तर किणी टोलनाक्यावरचे पैसे तुमच्याच खात्यातून जात राहतील.